आईचा अबोला आणि सफरचंदाची फोड

माणसाच्या आयुष्यात श्वासापेक्षा मोठं काहीही नाही. पैसा, मान, नातीगोती सगळी श्वासाच्या मागून चालत येतात, असं भाऊंचं ठाम आणि अढळ मत होतं. हे मत होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याआधी बरीच वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कार्यालयातली खिडकीजवळची खुर्ची होती.

भाऊ नकाशांच्या कार्यालयात मुख्य कारकून होते. प्रत्येक विभागातून एका माणसाने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, असं वरून फर्मान आलं. साहेबांनी "कोण जातंय?" असं विचारताच सगळ्या विभागाने एकदम छताकडे पाहिलं. भाऊ पेन्सिलीला टोक काढत होते, त्यामुळे त्यांना वर बघायला उशीर झाला.

प्रशिक्षण देणाऱ्या नर्सबाई कधीच निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. त्यांनी टेबलावर एक रबराचा माणूस आणून ठेवला. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, आणि चेहऱ्यावर वारंवार बढती हुकलेल्या माणसाचं शांत दुःख होतं. भाऊंना तो लगेच आपल्यातला वाटला.

"नीट ऐका!" नर्सबाई कडाडल्या. "घास लागून जो खोकतोय, त्याच्या आत हवा जातेय. त्याला खोकू द्या. त्याच्याकडे लक्ष ठेवा, पण उगाच अंगचटीला जाऊ नका. घाबरायचं ते गप्प झालेल्या माणसाला! बोलता येत नाही, खोकता येत नाही, हात गळ्याकडे जातात, तोंडाचा रंग पालटतो. त्याला विचारायचं, 'घशात अडकलंय का?' तोंडाने उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर विचार करत बसू नका. पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच दणके. तरी नाही निघालं, तर मागून मिठी मारा, बेंबीच्या जरा वर मूठ धरा आणि आत-वर, आत-वर असे पाच झटके. निघेपर्यंत आलटून पालटून. तोवर दुसऱ्या कुणीतरी अँब्युलन्सला फोन करायचा. पाणी पाजायचं नाही! तोंडात आंधळेपणाने बोटं घालायची नाहीत! आणि 'वर बघ, वर बघ' करत छताकडे तर अजिबात बघायला लावायचं नाही!"

छताचा उल्लेख भाऊंना आपल्या विभागाच्या दृष्टीने फार मार्मिक वाटला.

पण त्या दिवसापासून त्यांच्या जिवाचं स्वास्थ्य गेलं. पूर्वी त्यांना गोंगाटाचा त्रास व्हायचा, आता शांततेचा व्हायला लागला. आजूबाजूला लोक बडबडत, ठसकत, खाकरत जेवत असले की भाऊंना बरं वाटे. कुणी दोन घास न बोलता खाल्ले की भाऊंचा हातातला घास हातातच राही. शेवटी चहाच्या सुट्टीत जे व्हायचं ते झालं. कॅशियर आपल्या टेबलाशी गाल फुगवून, डोळे वटारून, लालबुंद होऊन बसले होते आणि त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. भाऊंनी धावत जाऊन विचारलं, "घशात अडकलंय का?" कॅशियरनी जोरजोराने मान हलवली. पण तोंडाने उत्तर आलं नाही. भाऊंनी त्यांना वाकवलं आणि पहिला दणका दिला.

कॅशियर उचकी थांबावी म्हणून श्वास रोखून बसले होते. उचकी थांबली, हे त्यांनीही नंतर मान्य केलं. पण दणक्याने त्यांच्या हातातला कप उडाला आणि चहा शेजारी वाळत घातलेल्या नव्या नकाशावर गेला. त्या नकाशात नदीला तेव्हापासून एक उपनदी आहे.

"भाऊसाहेब," साहेब म्हणाले, "यापुढे प्रथमोपचार अर्ज आल्यावरच करायचे."

घरी ही हकिकत कळल्यावर बायकोने साहेबांपेक्षा कडक धोरण स्वीकारलं. "अहो, आज कॅशियर होते. उद्या शेजारणीच्या पाठीत घालाल! माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, घरात कुणाच्या पाठीला हात लावायचा नाही."

"अगं, पण खरंच कुणाच्या घशात..."

"शपथ म्हणजे शपथ."

भाऊंनी शपथ घेतली. रविवारी दुपारी जे घडलं ते या शपथेसह घडलं, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता आईबद्दल. भाऊंची आई बुटकी, भरल्या अंगाची आणि खणखणीत आवाजाची बाई. तिचा अबोला ही त्या घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नियमित चालणारी संस्था होती. घरात काही मनाविरुद्ध झालं की आई आधी दोन्ही बाजूंचं स्वतःच बोलून घ्यायची, मग उजवा हात गळ्याला लावून म्हणायची, "इथवर आलंय माझं, इथवर!" आणि तोंड मिटायची. त्यानंतर तिला कुणी काही विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण विचारलं की मुदत वाढते, असा घरचा दंडक होता. तो घालून दिला होता मामांनी, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने. मामा कामगार आणि मालक यांच्यात समेट घडवून आणणारे सरकारी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपली सेवा ताईच्या घराला वाहिली होती. समेटाला नेहमी उशिरा जावं, म्हणजे दोन्ही बाजू दमलेल्या असतात, हे त्यांचं तत्त्व. त्या रविवारीही त्यांना जेवायलाच बोलावलं होतं आणि तत्त्वाप्रमाणे त्यांचा पत्ता नव्हता.

जेवणं आटोपली. सूनबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, सफरचंद कापून बशी मध्यात ठेवली. आईने बशीकडे पाहिलं.

"घोड्याला आहेत का या फोडी?"

"रोजच्यासारख्याच आहेत, आई."

"तेच म्हणतेय मी. रोज घोड्यालाच असतात."

"दातांनी तोडून खाल्लं तर..."

"दात काढू नकोस माझे!"

"मी कुठे काढतेय? आहेत म्हणूनच म्हणतेय ना, तोडून खा."

भाऊंची मुलगी कॉलेजात होती, तरी घरात अजून चिमणीच होती. अशा प्रसंगी ती कानात मोबाइलची गाणी घालून बसे. तिने ती घातली. भाऊ ऐकत राहिले, पण चिंता न करता. दोघी बोलत होत्या, म्हणजे दोघींच्या आत हवा जात होती.

"बारीक काप म्हणून किती वेळा सांगायचं?" आईचा आवाज चढला. "या घरात म्हातारीचं ऐकतो कोण? इथवर आलंय माझं, इथवर!" उजवा हात गळ्याला लागला. पण त्या दिवशी आईला तेवढ्यावर समाधान वाटलं नसावं. तिने डाव्या हाताने बशीतली सगळ्यात मोठी फोड उचलली. "बघ, बघ, खाते तुझी फोड. अख्खी खाते. उद्या मी गेले ना, की लोक विचारतील तुला..."

फोड तोंडात गेली. लोक काय विचारतील, ते कळलं नाही. आई गप्प झाली. डावा हातही गळ्याकडे गेला.

"घ्या!" सूनबाई उठून बशा गोळा करायला लागल्या. "झाला सुरू. आज मामा यायच्या आधीच."

समोर त्यांची आई बसली होती, अगदी नर्सबाईंनी सांगितल्यासारखी. गप्प. हात गळ्याला. डोळे मोठे. पण समोर त्यांची आई अशीच, याच खुर्चीत, हात असाच गळ्याला लावून गेली पन्नास वर्षं बसत आली होती. नर्सबाईंचा रबराचा माणूस कधी कुणावर रागावलेला नव्हता. रागावलेल्या माणसाचं काय करायचं, हे प्रशिक्षणात नव्हतंच.

"आई," भाऊंनी हळूच विचारलं, "घशात अडकलंय का?"

आईने उत्तर दिलं नाही.

"अहो, कशाला विचारताय?" सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आता चार दिवस नाही यायचं उत्तर. विचारून मुदत वाढवू नका."

ही खरी पंचाईत होती. ज्या एका प्रश्नावर सगळं शास्त्र उभं होतं, त्या प्रश्नाला या घरात उत्तर न मिळणं हाच रिवाज होता. अबोला असेल तरी उत्तर नाही, आणि घशात अडकलं असेल तरी उत्तर नाही. चूक झाली तर काय? अबोला असताना आईच्या पाठीत दणका घातला, तर तो अबोला आईबरोबरच संपेल. आणि अडकलेलं असताना गप्प बसलो, तर... ते वाक्य त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

आईने टेबलावर हात आपटला.

अबोल्यात आई काही हवं असलं की टेबलावर हात आपटत असे. चिमणीने मान वर न करता सवयीने मीठ पुढे सरकवलं. आईने मीठ ढकललं. चिमणीने साखर सरकवली. आईने साखर उलथली आणि पुन्हा हात आपटला. मग चिमणीने पाण्याचा पेला पुढे केला आणि आईने तो घेतला.

"पाणी नको!" भाऊ ओरडले आणि त्यांनी आईच्या हातातून पेला ओढून घेतला.

सूनबाई दारात थबकल्या. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंच्या हातातलं काही ओढून घेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःला तशी इच्छा पुष्कळदा झाली होती. "अहो, पाणी काय ओढता त्यांच्या हातातलं?"

भाऊ ऐकत होते. काहीतरी कमी होतं. काहीतरी रोजचं, ओळखीचं असं त्या खोलीत नव्हतं, आणि काय ते त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. पंखा फिरत होता. शेजारच्या खिडकीत रेडिओ चालू होता. नळ ठिबकत होता.

आणि एकदम त्यांना कळलं. आई उसासे टाकत नव्हती.

आईचा अबोला म्हणजे काही शांतता नव्हे. पन्नास वर्षांत त्या घराने शांत अबोला पाहिलेलाच नव्हता. आई अबोल्यात भांडी आपटायची, "हं!" म्हणायची, भिंतीशी बोलायची, खिडकीला निरोप द्यायची, आणि मुख्य म्हणजे उसासे टाकायची. असे लांबलचक, भरघोस, जिन्यापर्यंत ऐकू जाणारे उसासे, की खालच्या मजल्यावरचे लोक ते ऐकून म्हणायचे, आज वर काहीतरी बिनसलंय. आणि उसासा टाकायला आत हवा लागते.

आईच्या ओठांचा रंग जांभळट दिसायला लागला होता.

"अगं, शपथ सोडव!" भाऊ किंचाळले.

"काय?"

"शपथ सोडव माझी! आईचा अबोला नाहीये हा! श्वास नाहीये तिचा!"

सूनबाईंनी सासूकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या बशा खाली गेल्या. "सुटली! सुटली शपथ! अहो, मारा ना!"

शपथ सुटायच्या आतच भाऊ टेबलाला वळसा घालून पोहोचले होते. त्यांनी आईला खुर्चीतून उठवलं, एक हात छातीखाली घालून पुढे वाकवलं आणि दुसरा हात उचलला. तो हात क्षणभर वरच राहिला. ज्या पाठीवर लहानपणी बसून त्यांनी अख्खा बाजार पाहिला होता, ती पाठ समोर होती. मग नर्सबाईंचा आवाज कानात कडाडला आणि हात खाली आला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"चिमणे! अँब्युलन्स!"

चिमणीने कानातली गाणी उपटली आणि समोरचं दृश्य बघून तिच्या हातून दोनदा नंबर चुकला.

नेमक्या याच वेळी मामा दारात उभे राहिले. तत्त्वाप्रमाणे दोन्ही बाजू दमल्या असतील, या हिशेबाने ते प्रसन्न चेहऱ्याने आले होते. त्यांना दिसलं ते असं: जमिनीवर फुटक्या बशा, टेबलावर साखर, सूनबाई "मारा, मारा" म्हणून ओरडतेय आणि भाचा त्यांच्या ताईला वाकवून पाठीत दणके घालतोय.

"गाढवा!" मामा कडाडले. "आईवर हात टाकतोस?" आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने त्यांनी भाऊंचा उगारलेला हात पकडला.

"मामा, सोडा! घशात..."

"एक शब्द बोलू नकोस. आधी दोघं वेगळे व्हा. तू गॅलरीत चल. ताई आत जाईल. मी आधी तिची बाजू ऐकून घेतो."

"तिला बोलता येत नाहीये, मामा!"

"तू अशी वेळ आणलीस तर कशी बोलेल ती?"

आयुष्यभर मामांनी संतापलेल्या माणसांना ओढून वेगळं केलं होतं. त्यांची पकड सुटेना. भाऊंचा एक हात आईच्या छातीखाली, दुसरा मामांच्या मुठीत. आईचे पाय लटपटायला लागले होते. भाऊंना वाटलं, आता सगळं संपलं, आणि तेही एका समेटामुळे.

"मामा, सोडा त्यांना!" सूनबाई मामांच्या बाहीला लोंबकळल्या. "मारू द्या! अहो, त्यांना मारू द्या आईंना! फोड अडकलीय माझी!"

शेजारच्या खिडकीतला रेडिओ बंद झाला.

मामांनी ताईचं तोंड पाहिलं आणि त्यांची मूठ आपोआप सुटली. "अरे देवा. अरे, मग तिला वर बघायला सांग ना! ताई, वर बघ! पाणी आण गं कुणीतरी..."

"नाही!" भाऊ इतक्या जोराने ओरडले, की आपल्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. "वर नाही! पाणी नाही! कुणी काही करू नका!"

राहिलेले दणके त्यांनी घातले. फोड निघाली नाही.

तिकडे चिमणीचा फोन लागला होता. "हॅलो! माझ्या आजीच्या घशात अडकलंय... काय? बोलतेय का? नाही, ती आमच्याशी बोलतच नाही... म्हणजे नेहमीचं नाही, आत्ताचं! श्वासच येत नाहीये तिला! लवकर या हो!"

भाऊ आईच्या मागे गेले. त्यांनी दोन्ही हात पुढे नेले आणि त्यांच्या लक्षात आलं की आईला आपण मिठी मारल्याला किती वर्षं झाली, ते आपल्याला आठवतही नाही. हात जेमतेम एकमेकांना पोचले. बेंबीच्या वर मूठ. तिच्यावर दुसरा हात. आत आणि वर. आई उचलली गेली, पण आवाज नाही. आत आणि वर. आईची मान त्यांच्या खांद्यावर कलायला लागली. "आई, थांब," भाऊ तिच्या कानात म्हणत होते, "थांब जरा, जाऊ नकोस, उद्यापासून मी कापीन फोडी, बारीक कापीन, थांब..." आत आणि वर.

फोड निघाली. ती टेबलावरून उडून मामांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशाशी आपटली आणि खाली पडली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आईच्या छातीतून एक आवाज आला, गंजलेलं दार उघडल्यासारखा. दुसरा आला. मग ती खोकायला लागली. वाकून, डोळ्यांतून पाणी काढत, अख्खी खोली दणाणून सोडत खोकायला लागली.

"खोक, आई, खोक!" भाऊ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "कुणी तिच्या पाठीला हात लावू नका! खोकू द्या तिला! वा! अजून खोक!"

खोकून झाल्यावर आई खुर्चीत टेकली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आणि मग तिने एक लांबलचक, भरघोस, थेट जिन्यापर्यंत जाणारा उसासा टाकला. भाऊंनी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं होतं, पण त्यातलं काही त्यांना इतकं गोड लागलं नव्हतं.

सूनबाई जमिनीवरची फोड उचलून हातात धरून हुंदके देत होत्या. "मोठीच होती हो, आई. खरंच मोठी होती. माझंच चुकलं. किती वेळा सांगितलंत तुम्ही..."

इतक्या वर्षांत सुनेने चूक कबूल करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि आईची त्याला काहीच तयारी नव्हती. ती गोंधळली. "अगं, रडतेस काय?" तिचा आवाज घोगरा झाला होता. "एवढीशी तर फोड. मीच मेली अख्खी तोंडात कोंबली."

"एवढीशी नाहीये. बघा ना, किती मोठी आहे!"

"मी सांगतेय ना, बारीक होती!"

"आई, उगाच माझी बाजू घेऊ नका. घोड्याला होती!"

"मी म्हणतेय ना नव्हती! या घरात म्हातारीचं ऐकतो कोण?"

अँब्युलन्सचे लोक आले तेव्हा दोघी टिपेला पोचल्या होत्या आणि मामा दोघींच्या मध्ये हात पसरून उभे होते. अँब्युलन्सवाल्याने दारातून सगळं बघितलं. "पेशंट कोण?"

"श्वास अडकलेली ती," चिमणीने दाखवलं.

"ओरडतेय ती?"

"दोघी ओरडतायत. त्यातली म्हातारी."

त्याने आईला तपासलं, भाऊंनी काय केलं ते विचारलं आणि म्हणाला, "जीव वाचवलात, साहेब. पण पोटाला झटके दिलेत ना, मग एकदा इस्पितळात दाखवायलाच पाहिजे. आत काही दुखावलं नाही ना, ते डॉक्टर बघतील."

'जीव वाचवलात' हे ऐकून आपल्याला काय झालं होतं ते आईला कळलं, आणि त्याबरोबरच जीव कसा वाचला तेही. ती वळली. तिने भाऊंकडे नव्हे, मामांकडे पाहिलं.

"तुझ्यासमोर मारलं ना रे याने मला?"

"ताई, अगं, ते..."

"माझ्या धाकट्या भावासमोर. पाठीत. किती वेळा मारलंस, विचार त्याला." आणि आईने तोंड मिटलं.

अँब्युलन्समध्ये भाऊ तिच्या पायाशी बसले. तिने खिडकीकडे तोंड केलं. भाऊंनी तिचा हात धरला, तो तिने काढून घेतला. पण वाटेत ती तीनदा "हं!" म्हणाली, आणि प्रत्येक 'हं'ला भाऊंच्या जिवात जीव येत होता. ते तिच्या छातीकडे बघत होते, ती वर जातेय, खाली येतेय. वर जायला जरा वेळ लागला की तेही श्वास रोखून धरत. पण आईचा श्वास ठाकठीक चालू आहे, हे कळलं तरी त्यांना चैन पडेना. हात पुन्हा पुन्हा आठवत होता, आईच्या पाठीवर पडलेला. आपण बरोबर केलं, हे त्यांना नर्सबाईंइतकंच ठाऊक होतं. ते आईला ठाऊक होईल का, आणि नाही झालं तर, एवढीच आता भीती होती. या खेपेच्या अबोल्याला समेट नाही, असं त्यांना वाटायला लागलं. मामा स्वतःच साक्षीदार होते.

बाकीचे मागोमाग रिक्षाने इस्पितळात पोचले. तपासणीच्या खोलीत ओळीने खाटा होत्या आणि मध्ये हिरवे पडदे. तरुण डॉक्टरबाई आल्या. "आजी, कुठे दुखतंय?"

आई चिमणीकडे वळली. "त्यांना म्हणावं, मुलाने मारलं तिथे."

डॉक्टरबाईंनी भाऊंकडे नीट निरखून पाहिलं आणि त्यांना बाजूला बोलावलं. भाऊंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली; अबोल्यापाशी त्यांची जीभ अडखळली, शपथेपाशी डॉक्टरबाईंची भुवई वर गेली, मामांपाशी ती तिथेच राहिली. पण उसाशाचं ऐकल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या.

"तुमच्या तेवढं लक्षात आलं म्हणून," त्या म्हणाल्या. मग आईपाशी जाऊन, पोट दाबून, छाती ऐकून, घसा बघून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "आजी, सगळं ठीक आहे. थोडं दुखेल. पण तुमच्या मुलाने उशीर केला असता ना, तर आज तुम्ही इथे नसतात. नशीबवान आहात."

आईने 'हं' केलं. डॉक्टरबाई गेल्या. सूनबाई आणि मामा औषधं आणायला गेले, चिमणी चहा बघायला गेली. खाटेशी भाऊ एकटे उरले. खाली मान घालून स्टुलावर बसले.

"आई," ते म्हणाले, "मी दुसरं काही करू शकलो असतो तर केलं असतं गं. तुला मारायला माझा हात कसा उचलला, ते मलाच माहीत."

शेजारच्या खाटेवर पडद्यापलीकडे दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. कुणी एक बाई म्हणत होती, "तुम्हाला तुमची बहीण म्हटलं की दिसतच नाही काही!" आणि कुणी एक पुरुष म्हणत होता, "हळू बोल, लोक ऐकतायत."

भाऊंनी डोळे पुसले. ते वाट बघत राहिले. आईचा हात चादरीवर हलला, सरकत त्यांच्या बाहीपर्यंत आला आणि तिने बाही धरली. अबोला चालू असताना आईने कधी कुणाला हात लावला नव्हता. तिने बाही ओढली. जवळ ये, अशी. भाऊ वाकले, तिच्या तोंडाशी कान नेला. तिचा श्वास त्यांच्या कानाला लागत होता, ऊन ऊन आणि नियमित. पलीकडची बाई आता रडायला लागली होती. आईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि चिमणीमार्फत नाही, मामांमार्फत नाही, थेट त्यांनाच म्हणाली:

"अरे, तो पडदा जरा सरकव ना. नीट ऐकू येत नाहीये."